बीडची तारीख

१ एप्रिल १९५१ या दिवशी बीडच्या वकिलांच्या कपाटातली निम्मी पुस्तके रद्दीच्या भावाला आली. भारताचे दंडविधान, फौजदारी आणि दिवाणी प्रक्रियेच्या संहिता, पुराव्याचा कायदा, हे सगळे त्या तारखेपासून हैदराबाद राज्याला लागू झाले. आदल्या दिवसापर्यंत इथे हैदराबादचे स्वतःचे कायदे चालत. ते बेतलेले होते इंग्रजी मुलखातल्या कायद्यांवरूनच, त्यामुळे मतलब बराचसा तोच. पण कलमांचे आकडे निराळे, छपाई उर्दूत, आणि नजीर म्हणून पुढे करायचे निवाडे ‘डेक्कन लॉ रिपोर्ट’च्या उर्दू खंडांत. वीस-पंचवीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला खुनाचे कलम नव्याने पाठ करावे लागले.

बीडच्या न्यायदानाचा इतिहास लिहायचा तर कायद्यांची यादी फारशी उपयोगाची नाही. अंतर मोजावे लागते. एक अंतर कोसांचे: गावापासून शेवटच्या अपिलापर्यंत किती लांब जायचे? दुसरे भाषेचे: पक्षकाराने बोललेले आणि फैसल्यात उतरलेले यांच्यामध्ये किती जण उभे? गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या जिल्ह्याच्या उच्च न्यायालयाचे ठिकाण दोनदा बदलले, कोर्टाची भाषा तीनदा बदलली, आणि दर वेळी मधल्या पोकळीत वकील नावाच्या माणसाची गरज वाढत गेली.

हा मुलूख मोगलाईतला. जुनी माणसे निजामाच्या राज्याला मोगलाईच म्हणत. आष्टी-पाटोद्याचा शेतकरी मोगलाईत आणि शेजारच्या जामखेडचा इंग्रजी मुलखात. दोघांची बोली एक, सोयरीक एक, आठवडी बाजार एक. पण भाऊबंदकीत डोकी फुटली तर एकाचे प्रकरण नगरवरून मुंबईला जाणार आणि दुसऱ्याचे बीडवरून हैदराबादला. पहिल्या सालारजंगाने १८५३ पासून दिवाण म्हणून हैदराबादचा कारभार हाती घेतला. १८६५ च्या जिल्हाबंदीने महसुलाबरोबर न्यायाचीही काही घडी बसवली. पण अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, हाच सारा वसूल करणार आणि बऱ्याचशा फिर्यादीही तोच ऐकणार, असा मामला होता. ज्याच्या शिपायाने बैल ओढून नेला त्याच्याच इजलासात बैलाची तक्रार करायची! जहागिरीतल्या गावांची गत आणखी वेगळी. मोठ्या जहागीरदारांना स्वतःच्या अदालती होत्या आणि तिथला फैसला मालकाचा चेहरा बघून व्हायचा, अशी लोकांची पक्की समजूत होती.

१९२१ मध्ये सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने फर्मान काढून न्यायखाते महसूलखात्यापासून वेगळे केले. निजामाच्या राजवटीबद्दल मराठवाड्यात फारसे कुणी बरे बोलत नाही, आणि त्याला कारणेही आहेत. पण श्रेय द्यायचे तिथे द्यावे. इंग्रजी मुलखात ही मागणी काँग्रेस सुरुवातीच्या अधिवेशनांपासून करत होती आणि सरकार टोलवत होते. स्वतंत्र भारतात ती राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदात आली आणि फौजदारी बाजूला देशभर अंमल झाला तो १९७३ ची नवी प्रक्रिया संहिता आल्यावर. निजामाने ते अर्धशतक आधी केले. मुन्सफ वेगळा, तहसीलदार वेगळा. ज्या राज्यात सभा घ्यायला परवानगी लागे, वर्तमानपत्र काढणे मुश्कील, निवडून दिलेले सरकार नाही, त्या राज्यात न्यायखाते मात्र स्वतंत्र. हा विरोधाभास पुढे वकिलांनी चांगलाच वापरला.

कोर्टाची भाषा १८८० च्या दशकात फारसीवरून उर्दूवर आली होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि कायद्याचे शिक्षणही उर्दूत मिळू लागले. बीड, परभणी, नांदेडकडची मराठी मुले हैदराबादला जाऊन उर्दूत कायदा शिकली, उर्दूत युक्तिवाद करू लागली, आणि संध्याकाळी घरी येऊन पक्षकाराला मराठीत समजावू लागली की तुझ्या दाव्याचे आज काय झाले. त्याआधीच्या पिढीत असे अनेक जण होते ज्यांनी कॉलेज पाहिलेले नव्हते. परीक्षा देऊन सनद मिळवायची आणि सनदेच्या दर्जाप्रमाणे खालच्या किंवा वरच्या कोर्टात उभे राहायचे. मराठवाड्यातले केशवराव कोरटकर गुलबर्ग्याला वकिली करता करता हैदराबादला गेले आणि पुढे तिथल्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. ही वाट किती उंच जाऊ शकते याचे ते उदाहरण, आणि किती थोड्यांना जमली याचेही.

हैदराबाद संस्थानातल्या मराठी राजकारणात पहिल्या फळीत वकीलच का दिसतात? १९३७ ला परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, अध्यक्ष गोविंदराव नानल, परभणीचे वकील. पुढे उमरीच्या अधिवेशनाचे अध्यक्ष काशीनाथराव वैद्य, वकील. दिगंबरराव बिंदू, वकील. एक कारण उघड आहे: त्यांचे पोट सरकारी पगारावर नव्हते. दुसरे जास्त महत्त्वाचे. ‘गश्ती निशाण ५३’ नावाच्या परिपत्रकाने सभा-संमेलनांवर बंधने घातली होती, आणि त्या गश्तीच्या शब्दांत नक्की कशाला मनाई आहे आणि कशाला नाही, हे उर्दू कायदा वाचणारालाच कळत होते. सभेला परवानगी नाही? मग ती शैक्षणिक परिषद. राजकीय ठराव नको? मग साहित्य संमेलन. निजामाच्याच कायद्यात फट शोधून तीत पाचर मारण्याचे काम या मंडळींनी वर्षानुवर्षे केले. त्याच वेळी अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत, स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे यांनी १९३५ पासून शाळेच्या निमित्ताने तरुणांची फळी उभी केली. वकील फट शोधत होते, शाळामास्तर भिंतच पाडायला निघाले होते.

१९४८ मध्ये रझाकारांचा कहर झाला तेव्हा फटी शोधण्यात अर्थ उरला नाही. संस्थानातल्या अनेक वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला. केशवराव कोरटकरांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार त्यांचे पुढारी होते. वकिलाने कोर्टात जायचे नाही म्हणजे चूल बंद, हे तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाराला सांगावे लागत नाही. १७ सप्टेंबरला भारताची पोलीस कारवाई संपली आणि पुढे जिल्ह्यात पुन्हा तारखा पडू लागल्या.

शेवटचे अपील आता कुठे? निजामाच्या काळात हैदराबाद उच्च न्यायालयाच्याही वर निजामाची ज्युडिशियल कमिटी होती. इंग्रजी मुलखातले लोक लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जात, बीडकर निजामाच्या निवासस्थानाच्या, हैदराबादच्या किंग कोठीच्या, पलीकडे जाऊ शकत नव्हते. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटनेने ती कमिटी मोडीत काढली आणि तिच्यापुढची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाकडे गेली. कागदावर बीडचा शेतकरी दिल्लीपर्यंत पोचला. प्रत्यक्षात तो तहसील कचेरीच्या व्हरांड्यातच होता, कारण पुढची दहा वर्षे खरी लढाई जमिनीची होती आणि ती तिथेच चालली.

१९४९ ला जहागिरी बरखास्त झाल्या. १९५० ला हैदराबादचा कूळ कायदा आला. त्याने संरक्षित कूळ ही चीज निर्माण केली. मग अतियाताच्या, म्हणजे सरकारी देणग्यांच्या, चौकशीचा कायदा आला, इनामे गेली. मुंबई राज्यातल्या कूळ कायद्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, हैदराबादच्या कायद्याबद्दल त्या मानाने फारच कमी. आणि मराठवाड्यात आजही जमिनीचा जुना वाद निघाला की तोच कायदा उघडावा लागतो. कुळाची प्रकरणे दिवाणी कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवून तहसीलदाराकडे दिली होती. हेतू चांगला: गरिबाला वकिलाचा खर्च पडू नये. झाले असे की मालक वकील घेऊन आला आणि कूळ हात जोडून.

आणि सगळे काही अडायचे कागदापाशी. बीडच्या एखाद्या जुन्या घरातला ट्रंकेतला कागद हातात घेतला तर काय दिसते? वर निजामाच्या सरकारचा मुद्रांक. मजकूर उर्दू, घसटत्या लेखणीचा. कडेला कुणी मोडीत दोन ओळी लिहिलेल्या. खाली अंगठा. तारीख फसली सालाची, महिना उर्दिबेहेस्त नाहीतर शहरेवर. फसली सालात ५९० मिळवले की इसवी साल निघते, पण साल ऑक्टोबरात बदलत असल्याने एका वर्षाची चूक सहज होते, आणि मुदतीच्या मुद्द्यावर एक वर्ष म्हणजे अख्खा दावा. सेतवार, मुंतखब, खासरा, पाहणीपत्रक हे जमिनीच्या नोंदींचे शब्द मराठवाड्यातल्या वकिलाला ‘सातबारा’इतकेच रोजचे; पुण्याच्या वकिलाला त्यांतला एक तरी सांगा म्हणावे. १३६४ फसलीचा, म्हणजे १९५४-५५ चा खासरा ज्याच्या नावाचा, त्याचे पारडे जड. तो खासरा करणाराने कुणाच्या ओसरीवर बसून नोंदी केल्या हे मात्र खासऱ्यात लिहिलेले नसते.

याच कागदांनी अलीकडे पुन्हा डोके वर काढले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधायचे काम मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत सुरू झाले. तेव्हा कळले की रेकॉर्ड आहे, पण वाचणार कोण? उर्दू आणि मोडी जाणणारी माणसे शोधत महसूल खाते फिरले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरच थेट सरकारी आधार झाला. त्यावरचा राजकीय वाद इथे नको. दप्तराची भाषा बदलली तरी दप्तर मरत नाही, एवढे मात्र त्यातून दिसले.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. बिनशर्त आला, असे अभिमानाने सांगितले जाते. विदर्भाने अटी घातल्या आणि पहिल्याच दिवशी नागपूरला उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बसू लागले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमाखाली नागपूर आणि राजकोट या दोन्ही ठिकाणी तशी सोय केली. औरंगाबादचे नाव त्यात नव्हते. बिनशर्त येण्याची किंमत बीडच्या पक्षकाराने पुढची पंचवीस वर्षे मोजली.

हैदराबाद काही जवळ नव्हते. पण परळीहून विकाराबादमार्गे रेल्वे होती, आणि हैदराबादला पोचल्यावर वकील ओळखीचा, भाषा अंगवळणी पडलेली. मुंबईला जायचे तर बीड शहरात रेल्वेच नव्हती. ती यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. म्हणून एस.टी.ने नगर किंवा जालना गाठायचे, जालन्याहून गेले तर मनमाडला गाडी बदलायची, रात्र डब्यात काढायची आणि सकाळी फोर्टमधल्या वकिलाच्या जिन्यात बसायचे. वकील इंग्रजी बोलणार, फी मुंबईची. प्रकरण त्या दिवशी बोर्डावर आले नाही तर धर्मशाळा. दोन एकर कोरडवाहूसाठी हा खर्च कोण करील? त्यामुळे जिल्हा न्यायालयाचा निकाल हाच व्यवहारात शेवटचा निकाल ठरे. कायद्याने अपिलाचा हक्क दिला होता, नकाशाने काढून घेतला होता.

वकिली धंदाही याच काळात नव्या साच्यात आला. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकील, प्लीडर, मुखत्यार हे जुने दर्जे पुसून देशभर एकच वर्ग केला. निजामाच्या वेळची दर्जेवार सनद इतिहासजमा झाली. उर्दूत मुरलेल्या ज्येष्ठांना उतारवयात इंग्रजी निवाड्यांशी झटावे लागले. नवी पिढी औरंगाबादच्या माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयात शिकून आली. पहाडे हे स्वतः मुक्तिसंग्रामातले वकील. कोर्टाच्या आवारात आता तीन पिढ्यांच्या तीन भाषा एकत्र नांदत होत्या: म्हाताऱ्यांची उर्दू, मधल्यांची इंग्रजी आणि पक्षकारांची मराठी.

खंडपीठाची मागणी सत्तरच्या दशकात मराठवाड्याच्या विकासाच्या चळवळीबरोबर तापली. राज्य सरकारने केंद्राला लिहिले, केंद्र बसून राहिले. शेवटी ऑगस्ट १९८१ मध्ये, अंतुले मुख्यमंत्री असताना, मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्यपालांच्या मान्यतेने त्याच ५१ व्या कलमाचे तिसरे उपकलम वापरले आणि न्यायमूर्ती औरंगाबादलाही बसतील असा आदेश काढला. छागलांनी वापरलेलीच किल्ली, पंचवीस वर्षांनी. त्याला आव्हान मिळाले ते मुंबई उच्च न्यायालयातच. म्हणणे असे की १९५६ चे हे कलम तात्पुरत्या सोयीचे होते. १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर त्याचा जीव संपला. उच्च न्यायालयाचा कौल सरकारविरुद्ध गेला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’ या निकालात तो फिरवला आणि कलम जिवंत असल्याचे सांगितले. २७ ऑगस्ट १९८४ ला राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने औरंगाबाद कायमचे खंडपीठ झाले. कलम अजून दमलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचे सर्किट बेंच त्याच उपकलमाने सुरू झाले.

बीडहून औरंगाबाद सुमारे सव्वाशे किलोमीटर. पहाटेच्या एस.टी.ने निघालेला माणूस सुनावणी ऐकून रात्री घरी. वकिलीच्या धंद्यावर याचा जेवढा परिणाम झाला तेवढा कोणत्याही कायद्याचा झाला नसेल. बीड, माजलगाव, अंबाजोगाईच्या वकिलांनी औरंगाबादेत ऑफिसे थाटली. गावाकडच्या मुलाला ‘हायकोर्टाचा वकील’ होणे आवाक्यातले वाटू लागले. रिट याचिका हा शब्द ग्रामपंचायतीच्या पारावर आला. सरपंचावरचा अविश्वास, शिक्षकाची बदली, सोसायटीची निवडणूक, भूसंपादनाचा मावेजा, सगळे खंडपीठात. यात फुकाची खटलेबाजी वाढली असे म्हणणारे आहेत, आणि ते अगदीच खोटे नाही. पण जायकवाडी आणि माजलगावच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना वाढीव मावेज्यासाठी मुंबई गाठावी लागली असती तर किती जण पोचले असते?

भाषेचे अंतर त्या मानाने सावकाश मिटते आहे. १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. साक्षी आधीपासून मराठीत होतच होत्या. निकालपत्रे मात्र आजही पुष्कळदा इंग्रजीत लिहिली जातात, आणि खंडपीठात तर राज्यघटनेप्रमाणे इंग्रजीच. मग खालच्या कोर्टातल्या मराठी कागदांचा तर्जुमा करून जोडायचा. उर्दूतून मराठी, मराठीतून इंग्रजी: जुन्या जमिनीच्या एखाद्या दाव्यात आजोबाचा अंगठा नातवापर्यंत येईतो दोनदा भाषांतरित होतो.

या गोष्टीत कोर्टाबाहेरून आलेले एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माजलगाव तालुक्यातल्या दुकडेगावचे एकनाथ आवाड. बाप पोतराज, जात मांग. ते शिकले, वकील झाले, आणि १९९० मध्ये मानवी हक्क अभियान उभे केले. त्यांनी केलेले काम वकीलपत्र घेऊन उभे राहण्यापेक्षा वेगळे होते. भूमिहीन दलितांनी गायरान कसायचे, आणि कसत असल्याचा पुरावा जमवायचा: दंडाची पावती, पंचनामा, अतिक्रमणाची नोटीससुद्धा. सरकारने ज्याला शिक्षा म्हणून कागद दिला, तोच कागद ताब्याचा पुरावा! २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करायची वाट उघडली, तेव्हा ज्यांच्याकडे कागद होता त्यांना काही मागता आले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याबाबत कडक भूमिका घेतली आणि हे कसणारे पुन्हा टांगणीला लागले. आवाड २०१५ ला गेले. निजामाच्या गश्तीत फट शोधणाऱ्या वकिलांची विद्या त्यांनी उचलली आणि वकिलाच्या खोलीतून वस्तीवर नेली, असे मला वाटते.

सरकारी पातळीवर हेच काम करायचे ते विधी सेवा प्राधिकरणाने. कायदा १९८७ चा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, कारागृहातले बंदी, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा. जिल्ह्याला प्राधिकरण, तालुक्याला समिती, जोडीला लोकअदालत. वीजबिल, बँकेची थकबाकी, अपघाताची भरपाई, तडजोडीत मिटणारी कुरबूर तिथे एका दिवसात निघते, आणि कोर्ट फी परत मिळते. बीडमध्ये ही योजना ज्यांच्यासाठी जणू मुद्दाम लिहिली आहे असे वाटावे, ते म्हणजे ऊसतोड कामगार. स्त्री म्हणून, उत्पन्नाने, आणि अनेकदा जातीनेही त्या कायद्याच्या कलम १२ मध्ये बसणारे.

पण त्यांचे वर्ष निराळे चालते. दसरा झाला की उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, मुकादमाच्या ट्रकमध्ये चढतात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी आणि शाळकरी पोरे. या काळात तारीख लागली तर गैरहजेरी, मग वॉरंट. उचलीच्या हिशोबावरून मुकादमाने केलेली फसवणुकीची फिर्याद असो की कामगाराचा अडकलेला पैसा, दोन्हींत एक बाजू फडात असते. राष्ट्रीय लोकअदालतीच्या तारखा दिल्लीहून साऱ्या देशासाठी ठरतात, वर्षातून साधारण चार वेळा. डिसेंबरातली आणि फेब्रुवारी-मार्चमधली अशा दोन गाळपाच्या ऐन हंगामात पडतात. उरलेल्या दोन मे आणि सप्टेंबरच्या आसपास. जिल्ह्याच्या प्राधिकरणाला स्वतःच्या लोकअदालती भरवायला कायद्यानेच मुभा आहे. केज, धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा इथे जूनची पेरणी व्हायच्या आत, लोक परतलेले असताना, फक्त उचल, मजुरी आणि अपघाताच्या प्रकरणांची एक फेरी दरसाल लावायला नवा कायदा लागत नाही, नवे खंडपीठही नाही. तालुक्याच्या समितीने कॅलेंडर मुकादमाच्या वहीशी ताडून पाहायचे आहे.